दोन बोटं उंच

सोमवार, ४

नर्सबाईंनी ही वही दिली. औषधाच्या वेळा लिहा, काय खाल्लं ते लिहा, आणि दुखणं किती आहे ते रोज बायकोला विचारून एक ते दहामध्ये आकडा लिहा, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी सुतार माणूस, माझं लिहिणं म्हणजे फळीवर पेन्सिलीच्या खुणा. त्या म्हणाल्या, मग खुणा करा. आता वही हातात आलीच आहे तर बाकीचंही लिहीन म्हणतो. घरात बोलायला एकच माणूस आहे, आणि सध्या जे बोलायचं आहे ते नेमकं तिच्यापाशी बोलता येत नाही.

औषध सकाळी आठ, दुपारी दोन. अर्धी वाटी पेज. दुखणं तीन.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. पोटातलं सगळीकडे पसरलंय, आता हातात काही राहिलेलं नाही. आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आसनाचं बघा." मला सांगतात आसनाचं! चौतीस वर्षं या भागातलं प्रत्येक आसन माझ्या हातचं गेलंय. गेंगाण्याचं दुकान झाल्यापासून थोडी तिकडे जातात, पण नाकात बोलणाऱ्या त्या माणसाचे सांधे बघितले तर झोप उडेल कोणाची. डॉक्टरांच्या वडिलांचं आसनही मीच केलं होतं. तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला असेल, जसा आज माझा झाला.

मंगळवार, ५

तिच्या खोलीतलं बसण्यासारखं सगळं बाहेर काढलं. स्टूल, कपड्यांची पेटी, खिडकीतली उशी. खरं तर महिन्याभरापूर्वीच काढायला हवं होतं. दुसऱ्यांच्या घरी मी पहिल्या दिवशी काढायला लावतो.

थकलीमाय जग झाल्यापासून चालतेच आहे. ज्या घरात टेकायला मिळेल तिथे टेकते, आणि उठते ती माणसाला घेऊनच. खाटेवर ती बसत नाही, खाट आजाऱ्याची. जमिनीवर बसत नाही, गुडघे धरलेत म्हणे बिचारीचे. म्हणून आजाऱ्याच्या खोलीत बसायला काही ठेवायचं नाही, आणि वेळ आली की मुद्दाम आसन करून ठेवायचं, त्याच माणसाच्या मापाचं. कारण माय ज्याच्याकडे येते त्याच्याच उंचीची होऊन येते. आसन मिळालं नाही किंवा अंगाला बसलं नाही तर ती ताटकळते, आणि खाटेवरचं माणूसही ताटकळतं. अशी माणसं मी पाहिली आहेत. बेकरीवाल्यानं आईसाठी आसन सांगायला महिना लावला होता. मी त्याला भर दुकानात झापलं होतं, "कोणासाठी राखून ठेवताय म्हातारीला? स्वतःसाठीच ना?" रडला बिचारा. दुसऱ्या दिवशी आसन घेऊन गेला.

नर्सबाई म्हणाल्या, एक स्टूल तरी राहू द्या, माझी पाठ गेली कामातून. मी म्हटलं, मायकडे तक्रार करा. हसल्या नाहीत.

दुखणं तीन.

शुक्रवार, ८

आज माप घेतलं. गुडघ्यापासून टाचेपर्यंत. पायाची नुसती काडी झाली आहे. मी टेप लावला तशी ती म्हणाली, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझे पाय धरलेत." मी म्हटलं, "मग कर माफ." म्हणाली, "बघू. आधी काम कसं होतंय ते बघते." आम्ही दोघंही हसलो. मग तिला उबळ आली, आणि मला म्हणाली, पाणी गरम करून आणा. पाणी आणेपर्यंत ती शांत झाली होती.

सोळा इंच आणि एक सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

घरासमोरच दुकान, मधे फक्त गल्ली. फळ्या काढून बघितल्या. पहिलीत गाठ निघाली. दुसरी वाकडी. तिसरी बरी होती, पण ओल वाटली. आसनाला ओलं लाकूड चालत नाही. चार दिवस वाळू दे.

दुखणं तीन. नर्सबाईंनी आकडे पाहिले आणि दोनदा विचारलं, "नक्की तीनच?" ती म्हणाली, "वहीत लिहिलंय तेच." मग डोस वाढवायची गरज नाही, म्हणाल्या. चांगलंच आहे.

शनिवार, ९

मुलगी आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन मला विचारलं, "आसन कुठाय?" मी म्हटलं, लाकूड ओलं आहे. तिनं दुकानात जाऊन फळीला हात लावला. सुताराची पोर, तिला काय कळत नाही? तोंड फुगवून चहा केला.

बुधवार, १३

एक चांगली गोष्ट. ती मला सकाळी म्हणाली, "अहो, इथे माझ्या उशाशी उभे राहून काय करता? दुकानात जा. मशीन लावा. रंध्याचा आवाज आला की घर चालल्यासारखं वाटतं मला." मला इतकं बरं वाटलं! ज्याला कामाच्या आवाजाची आठवण होते ते माणूस आतून ताजंच असतं. दिवसभर मशीन चालवलं. आसनाचं नाही, लोकांची खिडक्यांची कामं राहिली होती ती उरकली. त्या घरघरीत माणसाला स्वतःचे विचारसुद्धा ऐकू येत नाहीत. मधे जेवायला आलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, घामानं चिंब. ताप उतरला असणार.

मुलीचे डोळे सुजलेत. म्हणते भुश्याची अॅलर्जी. जन्मली भुश्यात, आणि आता अॅलर्जी!

दुखणं तीन.

शनिवार, १६

वरच्या मजल्यावरच्या बाईंचं मला काही समजत नाही. जिन्यात भेटल्या तर मान खाली घालून गेल्या. भर दिवसा खिडक्या लावून घेतात, आणि दुपारी मुलांना बहिणीकडे पाठवतात. आमच्या आजाराची किळस येत असेल. इतकी वर्षं हिच्याकडून वाटीवाटीनं साखर नेली, तेव्हा नाही आली किळस.

चादरीचं एक टोक पार कुरतडलंय. उंदीर झालेत. औषध आणून ठेवलं.

बेकरीवाल्यानं पाव देताना विचारलं, "झालं का आसन?" काही वाईट हेतू नव्हता त्याचा. मी पाव तिथेच टाकून आलो.

रविवार, १७

मुलीशी भांडण. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणासाठी राखून ठेवताय तिला?" माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. गावभर झालंय वाटतं ते. मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल. ती म्हणाली, "मी सांभाळूनच बोलतेय. सांभाळलं नसतं तर..." आणि उठून आत गेली. काय नसतं तर? हल्लीच्या पोरांना अर्धं बोलायची सवय.

दुपारी आसनाला हात घातला. आता होऊनच जाऊ दे.

मंगळवार, १९

आसन झालं.

इथे लिहितो, कारण कुठेतरी लिहायलाच हवं. पाय कापताना पट्टी सोळावर एक सूत अशी ठेवली होती. मग पेन्सिल उचलली आणि दोन बोटं वर खूण केली. हात चुकला नाही. मी केली. दोन बोटं उंच. बसणाऱ्याची टाच जमिनीला लागणार नाही, पाय लोंबतील. थकल्याभागल्या माणसाला असल्या खुर्चीवर विसावा मिळत नाही, हे मला सोडून कोणाला माहीत? माय येईल, टेकून बघेल आणि उठेल. आणि एकटीच उठेल.

बाकी काम असं केलंय की बघत राहावं. एक खिळा नाही. पाठीला असा बाक दिलाय की तळहात आपोआप फिरतो. कोणाच्या बापाला फरक कळायचा नाही.

संध्याकाळी खाटेशेजारी ठेवलं. तिनं मान वळवून पाहिलं. वरपासून खालपर्यंत, पायांपर्यंत. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "छान झालंय. दमलात ना? चहा घ्या."

दुखणं तीन.

शुक्रवार, २२

तीन दिवस झाले. ती आहे. मी सकाळी उठतो तेव्हा आहे, जेवायला येतो तेव्हा आहे. चौतीस वर्षांत माझं आसन ठेवल्यावर कोणी दोन दिवसांच्या वर राहिलेलं नाही. मी तुला हरवलं, माय.

खोलीत जाताना वाटतं, माय आसनाच्या बाजूला उभी आहे. उभी राहू दे. दुखू देत तिचे पाय. जगात दुसरी घरं नाहीत का? आम्ही तिचं काय घोडं मारलं होतं? प्रत्येक आसन मन लावून केलं, कधी कोणाला वाकडं दिलं नाही. त्या चाकरीचं हे फळ असेल तर ताटकळ म्हणावं माझ्या दारात.

असं लिहिल्यावर भीती वाटली. पण खोडणार नाही.

दुखणं चार. एकानं वाढलं, पण बोलणं नीट आहे. "मशीन लावा ना," एवढंच सारखं म्हणते.

सोमवार, २५

ती काही खात नाही. पाणी चमच्यानं. मी म्हटलं, तुला काय हवंय ते सांग, जगाच्या पाठीवरून आणून देतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आसनाकडे बघितलं. मग म्हणाली, "काही नको हो." मला वाटलं, तिला आसनाची भीती वाटतेय. म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे ना." तिनं डोळे मिटले.

मुलगी माझ्याशी बोलत नाही.

गुरुवार, २८

अक्षर नीट येत नाही. आलं तसं लिहितो.

अकराच्या सुमाराला मशीनवर फळी निम्मी गेली होती आणि वीज गेली. रंधा घरघरत थांबला. आणि मला एक आवाज ऐकू आला. पहिल्यांदा वाटलं, मशीनचाच काही भाग अडकला. मशीन तर बंद होतं. आमच्या खिडकीतून येत होता. माणसाचा वाटत नव्हता. चार श्वास घ्यावेत इतका वेळ आला, आणि कापल्यासारखा बंद झाला. मशीन थांबल्याचं तिच्या ध्यानात आलं होतं.

मी धावलो. तिच्या तोंडात चादरीचं टोक होतं, दातांत गच्च. मुलगी तिचे खांदे धरून होती. मला बघून तिनं तोंडातली चादर काढली आणि म्हणाली, "वीज गेली वाटतं."

वीज गेली वाटतं!

मुलीनं मला बाहेर ओढलं आणि सगळं सांगितलं. रोज असंच. मुलगी यायच्या आधीपासून. मशीन सुरू झालं की सुरू होतं, बंद झालं की बंद. वरच्या बाई त्यासाठीच मुलांना दुपारी पाठवतात, आणि स्वतः खाली येऊन हिचे पाय चेपतात. माझ्याकडे बघितलं तर तोंडातून निघून जाईल म्हणून बघत नाहीत. "आईनं शपथ घातली होती सगळ्यांना. म्हणाली, त्यांना सोसायचं नाही."

मी विचारलं, "आकडा? खरा आकडा किती?"

"नऊ. या वहीची पहिली ओळ लिहिलीत ना, तेव्हापासून नऊ."

तीन, तीन, तीन, चार. माझ्या हातानं लिहिलेले. ते बघून औषध दिलं तिला.

आणि मग ती म्हणाली, "आसन उंच आहे ते आईला पहिल्याच संध्याकाळी कळलं. मी म्हटलं, मी बोलते बाबांशी. तिनं बोलू दिलं नाही. म्हणाली, त्यांचं त्यांना कापू दे."

नऊ दिवस. नऊ दिवस ती वाट बघत होती, मायची नाही, माझी. अरे, मी काय करून बसलो!

नर्सबाईंना बोलावलं, खरं सांगितलं. वही हातात घेऊन त्यांनी एकेक आकडा बोटानं परत वाचला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. इंजेक्शन वाढवलं. पण आता याचा फार भरवसा नाही, म्हणाल्या.

शुक्रवार, २९

सकाळी आसन दुकानात नेलं आणि दोन बोटं कापायला घेतलं. दोन मिनिटांचं काम. चारही पाय कापले, फरशीवर ठेवलं तर डुगडुगतंय. एक पाय अर्धा सूत लांब. तो घासला. आता दुसरा लांब. तो कापला. करवत तिरकी गेली. मग बाकीचे तीन त्याच्या जोडीला आणले. परत डुगडुग. असं किती वेळ चाललं माहीत नाही. शेवटी पट्टी लावली तर चौदा इंचांच्या खाली आलं होतं. शिकाऊ पोरंसुद्धा करत नाहीत असली चूक. लहान मुलाची खुर्ची झाली होती ती. मी तिथेच भुश्यात बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो.

नवीन करायला घेतलं. पहिल्याच फळीवर खूण करता येईना. पेन्सिल जिथे ठेवायची तिथे टेकतच नव्हती.

मग उठलो आणि गेंगाण्याच्या दुकानात गेलो. सात वर्षांत त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. येता-जाता त्याची टवाळी केली, त्याच्यासारखं नाकात बोलून लोकांना हसवलं. तो टेबलाचा पाय बसवत होता. मला बघून हात पुसत उठला. "दादा, तुम्ही?"

मी म्हटलं, "एक आसन पाहिजे. माझ्या घरचं."

"तुमच्या घरचं मी करू?"

"माझा हात चालत नाही रे. सोळा इंच, एक सूत. लवकर कर."

त्यानं टेबल तसंच उलटं टाकलं आणि रंधा उचलला. दुसरं काही विचारलं नाही. मी दारात उभा होतो तर म्हणाला, "दादा, तुम्ही वहिनींजवळ बसा." मग जीभ चावली आणि म्हणाला, "उभे राहा."

शनिवार, ३०

अकराला गेंगाण्या आसन घेऊन आला. खांद्यावरून उतरवलं आणि म्हणाला, "दादा, एकदा हात फिरवून बघा." मी काटकोन बघायला गुण्या लावला, पट्टी लावली. सोळा इंच, एक सूत. सांधे बघितले. मी इतकी वर्षं खोटं बोलत होतो त्याच्याबद्दल. मी म्हटलं, "ठीक आहे." त्याला तेवढं पुरलं. खाटेजवळ ठेवून, तिला नमस्कार करून गेला.

तिनं मान वळवून बघितलं. पायांकडे बघितलं. म्हणाली, "हे बरोबर आहे."

मी म्हटलं, "मला माफ कर." आणि बरंच काहीबाही बोललो. तिनं माझ्या केसांतला भुसा काढला. बोटांत जोर नव्हता, तरी दोन-तीन कण काढले. मग तिचा चेहरा आतून आवळला गेला, आणि तिनं ओठ मिटून घेतले. मी बघत होतो, आणि ती ओठ उघडत नव्हती. मी म्हटलं, "ओरड ना. मला सगळं माहीत आहे आता. ओरड." तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. कपाळावरची शीर ताडताड उडत होती.

थोड्या वेळानं श्वास आला तेव्हा म्हणाली, "अहो, दुकानात जा. मशीन लावा."

मी म्हटलं, "मी इथेच थांबतो."

"लावा हो. तुमच्यासमोर नाही व्हायचं माझ्याच्यानं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी हिचे पाय पांघरुणात घेतले, आणि निघालो. एकतीस वर्षं, आणि मी जिना उतरून गेलो.

मशीनवर घालायला फळी घेतली नाही. नुसतं बटण दाबलं. लाकूड नसलं की रंध्याचा आवाज जास्त मोठा येतो, चिरका. खिडकीपर्यंत नीट जावा म्हणून दुकानाची दोन्ही दारं सताड उघडली. मग मशीनच्या कडेला दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. समोर आमची खिडकी दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. बेकरीवाला रस्त्यात थांबला. रिकामं मशीन बघितलं, मला बघितलं, टोपी काढून तिथेच उभा राहिला. थकलीमाय बसली की नाही, मला माहीत नाही. ती आहे की नाही, तेही आता माहीत नाही. मला फक्त ते मशीन बंद पडू द्यायचं नव्हतं.

पाऊण तास झाला असेल. मुलगी गल्ली ओलांडून आली आणि तिनं बटण बंद केलं.

मी विचारलं, "ओरडली?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो, बाबा. पोटभर."

मी म्हटलं, बरं झालं. आता वहीत लिहायला आकडा उरला नाही.